नाथ नेमके कुठे जेवले?

महात्मा गांधींना दिलेल्या उत्तरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'प्रभात'च्या एका चित्रपटाचं नाव घेतलं आहे. 'जातिनिर्मूलन' बारकाईने वाचणाऱ्यांच्याही नजरेतून ही गोष्ट पुष्कळदा निसटते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे न झालेलं भाषण बाबासाहेबांनी १९३६ च्या मे महिन्यात स्वतःच छापून काढलं. जुलैत गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याचा समाचार घेतला आणि विचारलं, की चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम, विवेकानंद अशांनी जो धर्म मानला तो इतका टाकाऊ कसा असेल? गांधीजींनी दिलेल्या नावांत एकनाथ नव्हते. बाबासाहेबांनी ते आपण होऊन आणले, आणि आणताना 'धर्मात्मा' या चित्रपटाचा उल्लेख केला. अस्पृश्यांना शिवणारे, त्यांच्यासोबत जेवणारे नायक म्हणून सध्या जे पडद्यावर झळकताहेत ते हे एकनाथ, असं ते सांगतात. त्याआधीच्या वाक्यात ज्ञानदेव आहेत आणि पैठणचे ब्राह्मण आहेत. म्हणजे लागोपाठच्या दोन वाक्यांत पैठण दोनदा येतं. छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेड्याहून पैठण पन्नासेक किलोमीटर, आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या अंगाला. या दोन ठिकाणांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला तो परिच्छेद चटकन बाजूला ठेवता येत नाही. संतावरच्या वादग्रस्त चित्रपटाबद्दल मराठी मुलखात व्यक्त झालेलं इतकं वजनदार मत दुसरं मला माहीत नाही. ते नीट तपासलं गेलं पाहिजे.

चित्रपटाची गोष्ट आपण सांगतो ती बहुधा नावापाशी संपते. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या 'प्रभात'ने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली नाथांवर बोलपट काढला. कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. नाव ठरलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरने ते चालू दिलं नाही, कारण त्या काळी महात्मा म्हटलं की सोळाव्या शतकातलं पैठण कुणाच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. १९३५ मध्ये चित्रपट लोकांसमोर आला तो 'धर्मात्मा' होऊन. सरकारला अशी धास्ती वाटण्याला पूर्वीचा दाखला होता. १९२१ च्या 'भक्त विदुर' या मूकपटातला विदुर हुबेहूब गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रासेत त्यावर बंदी आली होती. शिवाय पुण्यातलं वातावरण तापलेलं होतं. २५ जून १९३४ रोजी, हरिजन यात्रेवर आलेल्या गांधीजींच्या वाटेवर याच शहरात बाँब फेकला गेला होता. चित्रपटातला महंत नाथांना वाळीत टाकायला निघतो आणि ती भूमिका खुद्द काळ्यांनी केली आहे. हा महंत कुठल्या गल्लीत राहतो हे पुण्याच्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, की मग हा वाद धर्माचा नव्हताच, निव्वळ राजकारणाचा होता. इंग्रज सरकारला गांधींचं वावडं, त्यांनी नाव कापलं, विषय संपला. मला हे पटत नाही. नाव बदललं तरी अस्पृश्याच्या घरी नाथांनी घेतलेला घास चित्रपटात तसाच राहिला, आणि खरा प्रश्न त्या घासाचा होता. बोर्डाला जे दिसलं ते बोर्डाने कापलं. त्यापलीकडचं पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. तो प्रश्न समजून घ्यायचा तर पुण्याच्या स्टुडिओतून निघून दीड-पावणेदोनशे वर्षं मागे, महीपतींकडे जावं लागतं.

नाथ राण्या महाराच्या घरी जेवले ही कथा 'प्रभात'ने शोधून काढलेली नाही. ती कीर्तनांतून, पोथ्यांतून घरोघर पोचलेली होती. ताहाराबादच्या महीपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' आणि १७७४ मध्ये 'भक्तलीलामृत' लिहिलं. वारकरी घरांत नाथांचं चरित्र ऐकलं जातं ते मुख्यतः त्यांच्या शब्दांत. राण्या आणि त्याची बायको रोज दूर बसून नाथांचं पुराण ऐकतात. विश्वरूपदर्शनाचा प्रसंग येतो तेव्हा राण्या विचारतो, की कृष्णाने विश्वरूप दाखवलं त्या वेळी आम्ही कुठे होतो? तुम्हीही त्याच रूपात होता, असं नाथ सांगतात. मग नवरा-बायको त्यांना जेवायला बोलावतात आणि नाथ होकार देतात. गावात चर्चा होते. नेमलेल्या दिवशी ब्राह्मण पाळतीवर बसतात. काहीजण महारवाड्यात जातात तर तिथे नाथ पानावर बसलेले, आणि काहीजण नाथांच्या वाड्यात डोकावतात तर नाथ तिथेच. उलगडा असा, की राण्याकडे जेवले ते प्रत्यक्ष पांडुरंग, नाथांचं रूप घेऊन आलेले. ही मांडणी पैठणच्या परंपरेला परकी नाही. आजही नाथषष्ठीच्या सुमारास, तुकाराम बीजेपासून, नाथांच्या वाड्यातला रांजण गोदावरीच्या पाण्याने भरायला सुरुवात होते. ज्याच्या घागरीने रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो त्याला त्या वर्षीचा श्रीखंड्या मानतात, कारण देवाने बारा वर्षं श्रीखंड्या होऊन या घरी पाणी भरलं अशी श्रद्धा आहे. नाथांच्या भोवती देव सतत वेष पालटून वावरत असतो.

राण्याच्या कथेत मात्र या वेषांतराने एक काम केलं आहे. त्याने कथेला कुलूप लावलं. राण्याची इच्छा पुरी झाली, त्याच्या दारचं अन्न देवाने स्वीकारलं आणि नाथांचं सोवळंही शाबूत राहिलं. पाळतीवरच्या ब्राह्मणांना धक्का बसतो खरा, पण पंक्तीचा नियम मोडल्याचा पुरावा त्यांच्या हाती लागत नाही. ऐकणारा ब्राह्मण असो की महार, दोघंही डोळे पुसत घरी जाऊ शकतात आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची पंगत जिथल्या तिथे. दीड-पावणेदोन शतकं ही कथा देवळांच्या सभामंडपांत खुशाल सांगितली गेली, ती मला वाटतं या कुलपामुळे. महीपतींना मी दोष देत नाही. जे स्मृतीतून पार पुसलं जाऊ शकलं असतं ते त्यांनी कुलपात का होईना, जपून ठेवलं. शिवाय कुलूप घालावं लागलं याचाच अर्थ आत काहीतरी होतं.

'धर्मात्मा'ने हे कुलूप काढलं. चित्रपटातले नाथ स्वतः अस्पृश्यांच्या घरी जेवतात आणि तोच त्यांचा मुख्य अपराध ठरतो. महंत त्यांच्या घरच्या पंगतीत विघ्न आणतो, मुलाला, हरिपंडिताला, फितवतो आणि मुलगा घर सोडतो. परंपरेतही हरिपंडित काशीला निघून गेला होता आणि परत येताना त्याने घातलेल्या अटी दोन होत्या, वडिलांनी प्राकृतात पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. अन्न हा नाथांच्या घरातला जुनाच तंटा होता. चित्रपटाने तो चव्हाट्यावर आणला. नाथांच्या जागी देव जेवला असता तर महंताला खटला भरता आला नसता आणि नाथांना उत्तरही द्यावं लागलं नसतं. माणूस जेवला म्हणून त्याला जाब विचारता येतो. आणि ज्या माणसाला जाब विचारता येतो त्याचं अनुकरणही करता येतं. त्याच सुमारास, १९३३ च्या आसपास, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी नाथांवर लिहिलेल्या नाटकाला 'खरा ब्राह्मण' हे नाव दिलं होतं. नाव वाचूनच कळतं की नाथ आता देव्हाऱ्यातून उतरून वादाच्या मैदानात आले होते.

प्रेक्षकांनी या धाडसाचं चीज केलं का? बालगंधर्वांची नाटक कंपनी कर्जाच्या खाईत गेली होती, वय सत्तेचाळीस, आणि आयुष्यभर ज्यांच्या शालूची, चालण्याची, लाजण्याची घराघरात नक्कल झाली ते गंधर्व इथे पुरुषवेषात, संताच्या साध्या पोशाखात समोर आले. गंधर्वांचे चाहते हिरमुसले. 'प्रभात'शी असलेली भागीदारी या एका चित्रपटावरच संपली, आणि १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त गंधर्व पुन्हा स्त्रीवेषात दिसले. यावरून असं म्हणता येईल की लोकांचं मत नटाबद्दल होतं, अस्पृश्यतेच्या विषयावर त्यांनी काही निकाल दिला असं मानू नये. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पण पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्याच 'प्रभात'ने दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आणला आणि तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात इंद्रायणीतून वर आलेली गाथा आहे, शिवाजी महाराजांच्या रक्षणाला धावलेला देव आहे आणि शेवटी वैकुंठाला नेणारं विमान आहे. तो थोर चित्रपट आहे, आणि आवलीच्या संसाराचं इतकं खरं दर्शन मराठी पडद्यावर क्वचितच झालं असेल. तरीही, देव मदतीला येतो तो संत आणि आपल्या जबाबदारीवर जेवतो तो संत, यांतल्या पहिल्यावर लोकांनी जीव ओवाळून टाकला हे खरं. तुकारामांच्या भूमिकेतल्या पागनीसांची गंधर्वांशी नुसती तुलना करून त्याचा उलगडा होत नाही.

आता बाबासाहेबांचं म्हणणं. ते या सगळ्याच्या नेमकं उलट्या बाजूने येतं. त्यांचा आक्षेप दुहेरी आहे. पहिला असा, की नाथ अस्पृश्यांना शिवले आणि जेवले ते जातीला किंवा अस्पृश्यतेला विरोध म्हणून नव्हे. त्याने होणारा विटाळ गंगेच्या स्नानाने धुतला जातो अशी त्यांची समजूत होती, आणि आधाराला बाबासाहेबांनी एकनाथी भागवताच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातली ओवी दिली आहे. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. संताने जात मोडली तर चालते, सामान्य माणसाने मोडू नये, असंच लोकांना शिकवलं गेलं, त्यामुळे संत हा कधी कित्ता झाला नाही, तो पूजेचाच विषय राहिला. म्हणजे महीपतींच्या कथेतलं जे कुलूप मी म्हणतो आहे ते बाबासाहेबांना सगळ्याच संतचरित्रांवर लागलेलं दिसत होतं. आणि पाण्याचा मुद्दा त्यांच्या दृष्टीने पोथीतला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेलं १०८ मडकी पाणी तळ्यात ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं होतं. १९३० पासून नाशिकच्या काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चालला होता, दार उघडलं नव्हतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. अशा माणसाच्या कानावर त्याच वर्षी पडलं की पुण्यात एका ब्राह्मण संताला नायक करून अस्पृश्याघरच्या जेवणाचा बोलपट निघाला आहे. जेवल्यानंतर पाहुणा काय करतो हे त्यांनी विचारलं, यात कडवटपणा शोधण्याची गरज नाही. विचारायला हवा होता तोच प्रश्न त्यांनी विचारला.

नाथांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत आणि त्या मनापासून सांगाव्यात. एक, त्या ओवीचा संदर्भ. अठ्ठाविसावा अध्याय परक्याची निंदा आणि स्तुती दोन्ही टाकावी इथून सुरू होतो, आणि ही ओवी निंदेच्या विवेचनात येते. नाथांचा रोख निंदकावर आहे. अंत्यजाचा विटाळ गंगेत धुता येतो, निंदकाला गंगाही शुद्ध करत नाही, असा तो दाखला. म्हणजे सोवळ्यातल्या निंदकाला नाथ अंत्यजाच्याही खाली बसवतात. दुसरी गोष्ट भारुडांची. नाथांनी महाराच्या तोंडी घातलेले जोहार कितीतरी आहेत, आणि त्या भारुडांतला महार धन्याला, गावाला, शास्त्र्यालाही शहाणपण शिकवतो. सोळाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्या ब्राह्मण कवीने हा आवाज इतक्या वेळा स्वतःच्या गळ्यातून काढला? श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेऊन थबकलेल्या अस्पृश्य कुटुंबाला पितरांच्या आधी जेवू घालणं, वाळवंटात भाजणाऱ्या महाराच्या पोराला कडेवर उचलणं, या कथा ज्या माणसाभोवती गोळा झाल्या त्याच्यात तसं काही असल्याशिवाय झाल्या नसतील.

पण यातल्या पहिल्या उत्तराने बाबासाहेबांचा मुद्दा मोडत नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. दाखला म्हणून जी गोष्ट दिली जाते ती सर्वांना मान्य असलेली असते, म्हणून तर ती दाखल्याला चालते. निंदक वाईट हे ठसवताना अंत्यजाचा विटाळ असतो आणि तो धुवावा लागतो, हे नाथ गृहीत धरून चालले. एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीत पुरं झालं. ज्या गंगेचा उल्लेख आहे ती तिथे घाटाखाली वाहत होती. नाथांचं मन त्यांच्या काळाच्या पुढे धावत होतं आणि त्यांची भाषा त्या काळाचा विटाळ-शुद्धीचा हिशेबही पाळत होती, ही दोन्ही विधानं खरी आहेत. नाथांवर प्रेम करणाऱ्याने त्यातलं दुसरं लपवू नये.

माझ्या मते बाबासाहेबांच्या कसोटीवर 'धर्मात्मा' अर्धा उतरतो. देवाला पानावरून उठवून तिथे नाथांना बसवलं, इथे चित्रपटाने महीपतींना मागे टाकलं आणि 'संत हा कित्ता होत नाही' या आक्षेपाला कृतीने उत्तर दिलं. ज्या थिएटरात जागा तिकिटाच्या दराने मिळत होती तिथे बसून लोकांनी ते पाहिलं, हेही लहान नाही. पण मग चित्रपट नाथांना काशीच्या प्रज्ञानंद शास्त्र्यांपुढे उभं करतो. तिथे नाथ आपली बाजू मांडतात, आपली रचना म्हणतात. प्रसंग रंगतो. पण त्या प्रसंगाची रचनाच सांगते की जेवण योग्य होतं का याचा निवाडा अखेर काशीच्या शास्त्र्याने करायचा आहे. ज्याच्या घरी जेवले त्याच्या मताला तिथे स्थान नाही. पैठणला ही रीत जुनीच. ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्र हवं होतं तेही पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून, आणि बाबासाहेबांच्या परिच्छेदात एकनाथांच्या आधी ज्ञानदेव येतात ते यासाठीच. काढलेलं कुलूप चित्रपटाने शेवटी काशीच्या दाराला लावलं. १९३५ मधला सुधारक प्रेक्षक तिथे टाळ्या वाजवू शकत होता, कारण धर्मशास्त्र हरलं नव्हतं, उदार होऊन जिंकलं होतं. गांधीजींचा हरिजन कार्यक्रमही त्या वर्षांत शास्त्र्यांकडून अनुकूल अर्थ मिळवण्याच्या खटपटीत होता. म्हणून सेन्सॉरला दिसलेलं साम्य चुकीचं नव्हतं, आणि बाबासाहेबांनी गांधींना उत्तर देताना हा चित्रपट पुढे केला तोही योगायोग नसावा.

नव्वद वर्षांनी, २०२५ मध्ये, महात्मा फुल्यांवरचा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, लागायचा तो २५ एप्रिलला लागला. काही ब्राह्मण संघटनांचा आक्षेप होता, आणि सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या बदलांत महार, मांग, पेशवाई हे शब्द होते. १९३५ मध्ये वरचं नाव कापलं, २०२५ मध्ये जातींची नावं कापायला सांगितली. २०२५ मध्ये पुष्कळांनी म्हटलं की शब्द गेले तर काय बिघडलं, आशय तर राहिला. 'धर्मात्मा'चा अनुभव पाहता हे म्हणणं सोपं वाटत नाही. नाव गेल्यावर पुढे त्या चित्रपटाची चर्चा नावाचीच झाली आणि पानावर कोण बसलं होतं, वाढलं कुणी, हे मागे पडलं.

बाबासाहेबांनी संतांना सरसकट झिडकारलं असंही म्हणता येत नाही. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं: तमिळ मुलखातले नंदनार, काशीचे रविदास आणि पंढरपूरच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीपाशी ज्यांची समाधी आहे ते चोखामेळा. तिघेही राण्याच्या बाजूचे, पाहुण्याला पान मांडणाऱ्या घरातले.